मूत्रवाहिनीतील खडा आणि ध्वनितरंग : दोन उपचारपद्धती व त्यांची नावे

नागपूर शहराच्या दक्षिणेस, वर्धा मार्गाकडून बेसाकडे जाताना लागणारे मनीषनगर हे आज दाट वस्तीचे उपनगर झाले आहे. तेथील उन्हाळा हा अर्थातच विदर्भाचा उन्हाळा होय. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सियस इतक्या तापमानाची नोंद झाली होती. अशा हवेत शरीरातील पाणी घामावाटे निघून जाते, मूत्राचे प्रमाण घटते, आणि त्यात विरघळलेले क्षार विद्राव्यतेची मर्यादा ओलांडून स्फटिकरूप धारण करू लागतात. मुतखडा केवळ उष्म्याने होतो असे नव्हे. आहार, आनुवंशिकता, मूत्राची आम्लता, जंतुसंसर्ग अशी अनेक कारणे त्याच्या मुळाशी असतात. तथापि अमेरिकेतील पाच शहरांच्या नोंदी तपासून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, तापमान चढल्यानंतर तीन दिवसांच्या आतच मुतखड्याच्या रुग्णांची संख्या सर्वाधिक वाढते. ज्या गावात एप्रिल-मे महिने असे जातात, तेथे मुतखड्याविषयीचे बोलणे घरोघर ऐकू यावे ह्यात नवल नाही.

ह्या बोलण्यात चार क्रियापदे पुनःपुन्हा येतात. खडा ‘पडला’, खडा ‘पाडला’, खडा ‘फोडला’ आणि खडा ‘काढला’. पडणे आणि पाडणे ही अकर्मक-सकर्मक जोडी मराठी व्याकरणाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास परिचित आहे. परंतु ह्या चार क्रियापदांत मूत्रवाहिनीतील खड्यावरच्या उपचारांची जवळजवळ संपूर्ण वर्गवारी सामावलेली आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. नुसती वाट पाहिली आणि खडा मूत्राबरोबर आपण होऊन बाहेर आला तर तो पडला. औषधाने किंवा अन्य उपायाने त्यास पुढे सरकविले तर तो पाडला. शरीराबाहेरून तरंग सोडून त्याचे तुकडे केले तर तो फोडला. दुर्बीण आत घालून त्यास हस्तगत केले तर तो काढला. लोकभाषेने केलेली ही विभागणी शास्त्रशुद्धच म्हणावी लागेल.

घोटाळा होतो तो साधनवाचक शब्दात. कोणत्याही यंत्राने खडा फोडला तरी तो ‘लेझरने फोडला’ असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः लेझर हा प्रकाश आहे. शरीराच्या ऊतींतून तो खोलवर जाऊ शकत नाही; म्हणून त्याचा सूक्ष्म तंतू दुर्बिणीतून खड्याच्या अगदी समोर न्यावा लागतो. ही दुर्बीण मूत्रमार्गाने मूत्राशयात आणि तेथून मूत्रवाहिनीत शिरते. त्यासाठी भूल द्यावी लागते, आणि पुष्कळदा नंतर काही दिवस मूत्रवाहिनीत एक पोकळ नळी ठेवावी लागते. ध्वनितरंगांची गोष्ट निराळी. ते कातडीला छेद न देता आत जातात. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो ह्या दुसऱ्या प्रकारच्या उपचारांचा. त्यांतही दोन भिन्न जाती आहेत, आणि त्यांची नावे भाषांतरित करताना त्यांच्यातील मूळ भेदच पुसला जाण्याचा धोका आहे.

प्रथम स्थळाची ओळख हवी. मूत्रवाहिनी म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणारी सुमारे २५ ते ३० सेंटिमीटर लांबीची, अवघ्या तीन-चार मिलिमीटर व्यासाची स्नायुमय नलिका. ती तीन ठिकाणी विशेष अरुंद असते : मूत्रपिंडातून निघते तेथे, कटिभागातील मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते तेथे, आणि मूत्राशयाच्या भिंतीत शिरते तेथे. खडा अडकतो तो बहुधा ह्या तीन ठिकाणी. मूत्र तुंबले की मागचा भाग फुगतो, आणि पाठीतून जांघेकडे जाणारी ती सुप्रसिद्ध कळ उठते. पाच मिलिमीटरपर्यंतचे खडे सुमारे दोनतृतीयांश रुग्णांत आपण होऊन पडतात. पाच ते दहा मिलिमीटरच्या खड्यांबाबत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास येते. तेव्हा सहा-सात मिलिमीटरचा खडा असलेल्या माणसापुढे खरोखरच निवडीचा प्रश्न उभा राहतो. एक अपवाद मात्र निक्षून सांगितला पाहिजे. अडकलेल्या खड्याबरोबर थंडी वाजून ताप आला, तर तेथे निवडीस जागा नाही. तुंबलेल्या व दूषित झालेल्या मूत्रास तातडीने वाट करून द्यावी लागते. खडा फोडण्याचा विचार त्यानंतरचा.

आघाततरंगांनी खडा फोडण्याच्या पद्धतीचा उगम वैद्यकात नाही, तर विमानविद्येत आहे. ध्वनीहून अधिक वेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचा थेंब आदळला असता धातूच्या आत काय घडते, ह्याचा शोध जर्मनीतील डॉर्निये ह्या विमाननिर्मात्या संस्थेतील अभियंते घेत होते. आघाताचा तरंग पदार्थातून प्रवास करून दूरच्या ठिकाणी इजा करू शकतो, हे त्यांच्या निदर्शनास आले. त्यातूनच पुढे म्युनिक येथे ७ फेब्रुवारी १९८० रोजी ख्रिस्तियान शॉसी व त्यांचे सहकारी ह्यांनी ह्या पद्धतीने पहिल्या रुग्णावर उपचार केला. आरंभीच्या यंत्रात रुग्णास पाण्याने भरलेल्या हौदात बसवीत असत. लंबवर्तुळाकार परावर्तकाच्या एका नाभीवर पाण्याखाली विजेची ठिणगी पाडली जाई, आणि तिच्यापासून निघालेला तरंग दुसऱ्या नाभीवर, म्हणजेच खड्यावर, केंद्रित होई. पुढे हौद गेला व त्याच्या जागी पाण्याची उशी आणि जेली आली. ठिणगीऐवजी विद्युच्चुंबकीय किंवा दाबविद्युत् उगमही वापरात आले. तत्त्व मात्र तेच राहिले.

हा आघात कसा असतो? दाब काही नॅनोसेकंदांत एकदम चढतो आणि यंत्रागणिक ३० ते १०० मेगापास्कलपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ३०० ते १००० पटींपर्यंत जातो. त्यामागोमाग काही मायक्रोसेकंद टिकणारा ऋण दाबाचा, म्हणजे ताणाचा, टप्पा येतो. खड्याच्या पलीकडच्या पृष्ठाशी पोहोचलेला दाबाचा तरंग तेथून उलट फिरताना ताणाचे रूप घेतो. ठिसूळ पदार्थ दाब सोसतात, ताण सोसत नाहीत, म्हणून खडा आतून तडकतो. शिवाय भोवतालच्या द्रवात सूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन कोसळतात व खड्याचा पृष्ठभाग कुरतडतात. एका बैठकीत साधारणतः दोन ते तीन हजार आघात दिले जातात. येथे एक गोष्ट सामान्य समजुतीच्या विरुद्ध आहे. मिनिटास १२० आघातांपेक्षा ६० आघात दिल्यास खडा अधिक चांगला फुटतो. आघात भराभर दिल्यास आधीच्या आघाताचे बुडबुडे विरून जाण्यापूर्वीच पुढचा तरंग येतो, आणि त्याची शक्ती त्या बुडबुड्यांतच खर्ची पडते.

ध्वनिविज्ञानाच्या विद्यार्थ्यास ह्या आघाताचे स्वरूप ओळखीचे वाटेल. ‘प’ किंवा ‘ट’ ह्या स्पर्शवर्णाच्या उच्चारात अवरोध सुटताना जो क्षणिक ध्वनी निघतो, त्याला स्वतःचा असा सूर नसतो. वर्णपटलेखावर तो एखाद्या उभ्या रेघेसारखा दिसतो, कारण त्याची ऊर्जा अनेक कंप्रतांवर पसरलेली असते. आघाततरंग हा ह्या जातीचा आहे. ज्याला आपण ‘श्राव्यातीत ध्वनी’ म्हणतो, म्हणजे सेकंदास वीस हजारांहून अधिक पण निश्चित कंप्रतेने होणारे स्पंदन, तो हा नव्हे. सोनोग्राफीत वापरतात तो श्राव्यातीत ध्वनी; खडा फोडण्यासाठी गेली चार दशके वापरला जात आहे तो सूरहीन आघात. दोहोंस सरसकट ‘ध्वनिलहरी’ म्हटल्यामुळे रुग्णास आपल्यावर सोनोग्राफीसारखेच काही सौम्य होणार असे वाटते, आणि प्रत्यक्ष टेबलावर पहिला ठोका बसला की तो दचकतो.

उलट ‘शॉक’ हा शब्द दुसऱ्या टोकाचा गैरसमज करून देतो. मराठी बोलीत शॉक ‘बसतो’ तो विजेचा, आणि शॉक ‘देतात’ ते मनोविकारांच्या उपचारात. ‘शॉक वेव्ह’ हे नाव ऐकणाऱ्याच्या मनात हीच दोन चित्रे उभी राहिली तर त्याचा दोष ऐकणाऱ्याकडे जात नाही. ‘आघाततरंग’ हा शब्द ह्या दृष्टीने केवळ शुद्ध म्हणून नव्हे, तर खरा म्हणूनही अधिक चांगला आहे.

मूत्रपिंडातील खड्यापेक्षा मूत्रवाहिनीतील खडा ह्या आघातांना दाद देण्यात अधिक हट्टी असतो. मूत्रपिंडाच्या पोकळीत खड्याभोवती मूत्र असते. मूत्रवाहिनीत रुतून बसलेल्या खड्यास सर्व बाजूंनी भिंत चिकटलेली असते. फुटून सुटे होण्यास तुकड्यांना जागा उरत नाही, आणि बुडबुड्यांचे कार्य होण्यास द्रवही उरत नाही. त्यात मधल्या भागातील खडा कटीच्या हाडाच्या छायेत दडतो. हाड आणि आतड्यांतील वायू हे दोन्ही ध्वनितरंगांचे शत्रूच. स्थूल देहात कातडीपासून खड्यापर्यंतचे अंतर वाढते व परिणाम घटतो. कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेटचा किंवा सिस्टीनचा खडा मुळातच कठीण असतो. ब्रिटनमध्ये सहाशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मूत्रवाहिनीतील खड्यासाठी आघाततरंग आणि दुर्बीण ह्यांची समोरासमोर तुलना करण्यात आली. पुढील सहा महिन्यांत आणखी उपचाराची गरज आघाततरंगांच्या गटात शंभरांत सुमारे २२ जणांना लागली, तर दुर्बिणीच्या गटात सुमारे १० जणांना. एवढ्यावरून आघाततरंग हरले असे म्हणणे घाईचे होईल. ह्याच चाचणीत त्यांचा खर्च कमी आढळला; आणि शंभरांतील ७८ जणांची दुर्बीण टळली, हेही त्याच आकड्याचे दुसरे वाचन आहे. कोणते वाचन रुग्णासमोर ठेवले जाते, ह्यावर त्याची निवड पुष्कळदा ठरते.

दुसरी जात ह्याहून नवी आहे. अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी ती विकसित केली. तिचे इंग्रजी नाव ‘बर्स्ट वेव्ह लिथोट्रिप्सी’. येथे एकेक प्रचंड आघात नसतो. निश्चित कंप्रतेच्या श्राव्यातीत ध्वनीची सुमारे वीस आवर्तनांची एक छोटी मालिका, मग क्षणभर विराम, मग पुन्हा मालिका, असा क्रम सेकंदास अनेक वेळा चालतो. दाबाचे शिखर सहा-सात मेगापास्कलच्या आसपास, म्हणजे आघाततरंगाच्या तुलनेत बरेच खाली असते. स्पर्शवर्णाच्या शेजारी एखादा ऱ्हस्व स्वर ठेवावा, असा हा भेद आहे. स्वरास सूर असतो, आणि तो सूर बदलता येतो.

सूर बदलता येणे ह्यातच ह्या पद्धतीचे मर्म आहे. आवर्तनामागून आवर्तन येत राहिल्याने खड्याच्या आत ताणाची नियमित रचना निर्माण होते व ठरावीक अंतरांवर तडे पडतात. ते अंतर तरंगलांबीशी निगडित असते. पाण्यात व मऊ ऊतीत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे १५०० मीटर. म्हणून १७० किलोहर्ट्झ कंप्रतेची तरंगलांबी जवळजवळ नऊ मिलिमीटर येते, आणि ८०० किलोहर्ट्झची दोन मिलिमीटरहून किंचित कमी. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कृत्रिम खड्यांचे तुकडे पहिल्या कंप्रतेने चार मिलिमीटरच्या आतले, तर दुसऱ्या कंप्रतेने एक मिलिमीटरच्या आतले पडले. दोन्ही ठिकाणी तुकडा हा तरंगलांबीच्या अर्ध्याच्या जवळपास आहे, हे वाचकांच्या सहज ध्यानात येईल. तुकडे किती बारीक पडावेत हे आधी ठरवून त्याप्रमाणे सूर लावणे आघाततरंगांत शक्य नव्हते.

आता भाषांतराची अडचण पाहू. ध्वनिविज्ञानात ‘बर्स्ट’ हा शब्द नेमका स्पर्शवर्णाच्या स्फोटासाठी वापरतात, आणि मराठीत त्यास ‘स्फोट’ म्हणण्याची रूढी आहे. त्याच न्यायाने ‘बर्स्ट वेव्ह’चे भाषांतर ‘स्फोटतरंग’ असे कोणी केले, तर अर्थ नेमका उलटा होईल. येथील ‘बर्स्ट’ म्हणजे फुटणे नव्हे, तर थोडा वेळ चालून थांबणारी तरंगांची मालिका होय. स्फोटाशी साम्य आहे ते जुन्या पद्धतीचे. म्हणून नव्या पद्धतीस ‘तरंगगुच्छ’ म्हणावे हे इष्ट. एका पद्धतीस आघाततरंग आणि दुसरीस स्फोटतरंग म्हटले, तर कोणत्याही मराठी वाचकास दुसरी पहिलीहून उग्र वाटेल. वस्तुस्थिती मात्र अशी आहे की दाबाचे शिखर दुसरीतच कमी असते, आणि तिचा उपचार काही रुग्णांना भूल न देता, जागेपणीच, देण्यात आला आहे.

ह्याच संशोधकांनी चौथ्या नव्हे तर दुसऱ्या क्रियापदाचीही सोय केली आहे. श्राव्यातीत ध्वनीचा झोत अधिक वेळ टिकविला तर तो खड्यास ढकलतो. ह्या ढकलण्याचा उपयोग खडा जागचा हलवून मोकळा करण्यासाठी होतो, म्हणजे शब्दशः खडा ‘पाडण्या’साठी. ह्या संशोधनास आरंभी अमेरिकेतील अवकाशवैद्यकाच्या संस्थेकडून साहाय्य मिळाले, कारण अवकाशात हाडांतील कॅल्शियम झिजून मूत्रात उतरते व अंतराळवीरास मुतखड्याचा धोका वाढतो. एका पद्धतीचा जन्म विमानाच्या पंखावरील थेंबात आणि दुसरीचे पोषण अंतराळवीराच्या काळजीत, हा योगायोग गंमतीचा आहे खरा.

मानवी अनुभव अद्याप तुटपुंजा आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या १९ रुग्णांच्या अभ्यासात दुर्बिणीतून पाहात असतानाच बाहेरून तरंगगुच्छ सोडण्यात आले. दहा मिनिटांच्या आत २३ पैकी २१ खडे फुटू लागले. मूत्रवाहिनीतील खड्यांची पहिली मालिका त्याच वर्षी आली. तीत २९ रुग्ण होते. १६ जणांवर केवळ ढकलण्याचा आणि १३ जणांवर ढकलणे व फोडणे असा दुहेरी प्रयोग झाला. खडा हललेला दिसला तो १९ जणांत. मूत्रवाहिनीच्या खालच्या भागातील खडे असलेल्या व किमान दोन आठवडे पाठपुरावा झालेल्या २१ जणांपैकी १८ जणांचे खडे पडले, तेही सरासरी चार दिवसांत. त्रास म्हणून नोंदला गेला तो सौम्य वेदना आणि पहिल्या लघवीतील रक्ताचा. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ४४ रुग्णांच्या बहुकेंद्री चाचणीत सुमारे ८८ टक्के खडे फुटले, परंतु पूर्णपणे खडामुक्त झाले ते जवळजवळ निम्मेच रुग्ण.

हे आकडे वाचताना सावध राहिले पाहिजे. २९ रुग्णांच्या मालिकेत तुलनेसाठी उपचाराविना ठेवलेला गट नव्हता. मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाशी आलेले लहान खडे पुष्कळदा आपण होऊनच पडतात. तेव्हा त्या १८ खड्यांपैकी किती ‘पाडले’ आणि किती नुसते ‘पडले’, हे त्या मालिकेवरून सांगता येत नाही. मराठीने अकर्मक आणि सकर्मक रूपांत ठेवलेला भेद येथे संशोधनाचाच प्रश्न होऊन बसतो. ‘फुटले’ आणि ‘खडामुक्त झाले’ ह्यांतील अंतरही असेच महत्त्वाचे आहे; केवळ पहिला आकडा सांगणारी जाहिरात खोटे बोलत नाही, पण खरेही सांगत नाही. आघाततरंगांच्या मागे चार दशकांचा व असंख्य रुग्णांचा अनुभव आहे, त्यांचे दोषही तितकेच परिचित आहेत : लघवीतून रक्त, क्वचित मूत्रपिंडाभोवती रक्ताची गाठ, गर्भवती स्त्रीस आणि रक्त न गोठण्याची प्रवृत्ती असलेल्यास ते वर्ज्यच. तरंगगुच्छाचे दोष अजून कळावयाचे आहेत, कारण तो थोड्यांनाच दिला गेला आहे. शिवाय खडा सोनोग्राफीत दिसल्याखेरीज तो साधता येत नाही. खालच्या टोकाचा खडा भरलेल्या मूत्राशयाच्या खिडकीतून दिसतो, वरचा मूत्रपिंडाच्या बाजूने दिसतो; मधल्या भागावर मात्र आतड्यांतील वायूचा पडदा असतो. तेथे दुर्बिणीस आजही तोड नाही.

रुग्णास हे सारे सांगून त्याची संमती घ्यावी, हा विचार आपल्याकडे नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अश्मरीच्या शस्त्रकर्माचे वर्णन आहे. उपचार न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास यश संदिग्ध, म्हणून अधिपतीची अनुज्ञा घेऊनच ते करावे, असा तेथे दंडक घातला आहे. आज ती अनुज्ञा रुग्णाची स्वतःची असते, आणि ती कागदावर घेतली जाते. परंतु त्या कागदावर ‘ध्वनिलहरींद्वारे खडा फोडणे’ एवढेच लिहिलेले असेल, तर कोणत्या लहरी, किती बैठका, आणि न फुटल्यास पुढे काय, ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर सही करणाऱ्यास मिळत नाही.

सुश्रुताचा आणखी एक शब्द येथे उपयोगी पडतो. मोठ्या खड्यास तो ‘अश्मरी’ म्हणतो आणि तिच्या फुटलेल्या कणांस ‘शर्करा’. शर्करा म्हणजे मुळात खडी, वाळूचे कण; साखर हा अर्थ त्यावरूनच आला. ध्वनितरंगांचे कोणतेही यंत्र करते ते एवढेच, की अश्मरीची शर्करा करते. ती शर्करा बाहेर टाकण्याचे काम शरीराचे शरीरालाच करावे लागते. कधी हे कण एकामागोमाग एक येऊन मूत्रवाहिनीत रांगेने अडकतात; जर्मन वैद्यांनी त्यास ‘श्टाइनश्ट्रासे’, म्हणजे दगडांची सडक, असे नाव दिले, आणि ते आता जगभर रूढ आहे. म्हणून उपचारानंतर रुग्णास काही दिवस लघवी गाळून कण जपून ठेवण्यास सांगतात. त्यांच्या पृथक्करणावरून पुढचे पथ्य ठरते. यूरिक अम्लाचा खडा निघाला, तर मूत्राची आम्लता कमी करणाऱ्या औषधाने पुढचे खडे विरघळविता येतात, आणि तेथे फोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कॅल्शियमच्या खड्यास ती सवलत नाही. त्या रुग्णास दिवसाकाठी निदान अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी पिण्यास सांगितले जाते. नागपूरच्या मे महिन्यात घामाचा हिशेब धरता त्यासाठी किती प्यावे लागेल, हे प्रत्येकाने आपल्या कामाच्या जागेवरूनच ठरविले पाहिजे.